मागच्या चाकांचा वाटा

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे आणि परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशी, त्याहून साधारण सातशे मीटर खाली. चार माणसं आणि सामान धरून जुन्या जीपचं वजन १,३०० किलो मानलं, तर हा घाट उतरताना तिला ८९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकून द्यावी लागते. आकडा असा नुसता वाचून काही बोध होत नाही. म्हणून दुसऱ्या मापाने सांगतो: तीस अंशांवरचं तीस लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. त्यातली काही हवा खाते, काही टायर खातात, गाडी गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खातं. उरलेली सगळी चार चाकांच्या आतल्या बिडाच्या ड्रममध्ये जाते. चारही ड्रम मिळून तीस किलोचे धरले आणि त्यांना वारा अजिबात लागला नाही अशी कल्पना केली, तर एवढ्या उष्णतेने ते सहाशे अंशांहून जास्त तापतील. प्रत्यक्षात वारा लागतो, इंजिन साथ देतं आणि गाडी सुखरूप खाली येते. पण न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली पेडल का मऊ पडतं आणि चाकातून जळकट वास का येतो, याचं उत्तर या हिशेबात आहे. जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवावा की नाही, हा प्रश्नही इथूनच सुरू होतो.

जुनी जीप किंवा पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी मंडळींची वऱ्हाडात कमतरता नाही. अमरावतीचा एमएच २७ किंवा अकोल्याचा एमएच ३० हा क्रमांक घेतलेली जुनी गाडी रंगरंगोटी करून उभी राहिली, इंजिन सुरात आलं, की पुढचा प्रश्न ब्रेकचा येतो. त्यात अलीकडे मागच्या अॅक्सलला डिस्क लावण्याची ओढ मोठी आहे. चारही चाकांतून चकचकीत डिस्क दिसली की गाडी पूर्ण झाली असं वाटतं. त्या हौसेबद्दल मला आदर आहे. भंगारात जाणारं यंत्र जो माणूस पुन्हा चालतं करतो, तो समाजाची एक आठवण जपत असतो. पण मागचा ब्रेक ही सजावटीची जागा नाही. माझं म्हणणं असं आहे की मागच्या डिस्कचा निर्णय थांबवण्याच्या ताकदीवर घ्यायचा नसतो, पुढच्या-मागच्या चाकांच्या तोलावर घ्यायचा असतो. आणि तो तोल नव्याने मोजायची तयारी नसेल, तर कारखान्याने दिलेला ड्रमच नीट करून वापरणं जास्त शहाणपणाचं आहे.

या गाड्या कोणत्या काळासाठी घडवल्या गेल्या ते आधी पाहू. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि १९७४ मध्ये तीच गाडी पद्मिनी झाली. इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, मागे पाटा स्प्रिंगवर बसलेला अखंड अॅक्सल आणि चारही चाकांना ड्रम. महिंद्रांची जीप तर अमेरिकेतल्या विलिस जीपची थेट वंशज. या गाड्या ज्या रस्त्यांवरून धावल्या, तिथे एका पदराच्या डांबराच्या दोन्ही बाजूंना मातीची पट्टी असायची आणि समोरून ट्रक आला की चाक खाली उतरवावं लागायचं. ताशी साठ हाच वेग पुष्कळ वाटे. आज अमरावती–अकोला रस्ता पाहा. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. अशा गुळगुळीत रस्त्यावर पद्मिनीसुद्धा सहज ऐंशीला जाते, आणि तिच्या पुढे चालणारी नवी गाडी एबीएसच्या जोरावर जागच्या जागी थांबते. वेग साठवरून ऐंशीवर गेला म्हणजे एक तृतीयांशानेच वाढला असं दिसतं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ब्रेकवरचा भार पावणेदोन पटींहून जास्त होतो. तेव्हा जुन्या ब्रेकबद्दल वाटणारी काळजी खरी आहे. तिचं उत्तर मागच्या चाकांत आहे की दुसरीकडे, एवढाच वाद आहे.

ड्रम आणि डिस्क ही जुनी भावंडं आहेत. फ्रान्समध्ये लुई रेनोने आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ च्याच सुमारास अनुक्रमे ड्रम आणि डिस्कची कल्पना पुढे आणली. पुढची पन्नास वर्षं ड्रमने राज्य केलं, आणि त्याला सबळ कारण होतं. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमला टेकला की ड्रमच त्याला स्वतःसोबत ओढून आणखी घट्ट दाबतो. पायाने दिलेला जोर असा आपोआप वाढतो. म्हणूनच बूस्टर नसतानाही या गाड्या साध्या पायाने थांबत. पण हाच गुण उष्णतेत उलटतो. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर सरकतो, लायनरची पकड कमी होते आणि पकड कमी झाली की आपोआप मिळणारी ओढही घटते. पेडल मात्र खोल खोल जात राहतं. डिस्कला असा आपोआप जोर मिळत नाही. पण ती उघड्यावर फिरते, लवकर निवते आणि तापली तरी जाडीने वाढून पॅडकडेच येते. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने १९५३ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा वेगात पुन्हा पुन्हा थांबण्याच्या कामी डिस्क सरस आहे यावर शिक्कामोर्तब झालं. दोन वर्षांनी सिट्रोएन डीएस ही रोजच्या वापराची गाडी डिस्क घेऊन आली. ती डिस्क फक्त पुढच्या चाकांना होती.

पुढच्याच चाकांना का, हे कळलं की या विषयाची किल्ली हातात येते. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, हे कोणत्याही प्रवाशाला ठाऊक आहे. त्या क्षणी मागच्या चाकांवरचं वजन पुढच्या चाकांवर सरकतं. किती सरकेल, हे गाडीचं वजन, ब्रेकचा कडकपणा, वजनाच्या केंद्राची उंची आणि दोन अॅक्सलमधलं अंतर यांवरून निघतं. जुन्या जीपच्या दोन अॅक्सलमध्ये अंतर ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. केंद्राची उंची ६५ सेंटिमीटर धरू, वजन १,३०० किलो, आणि ते उभ्या गाडीत दोन्हीकडे निम्मं निम्मं. आता कोरड्या डांबरावर कडक ब्रेक मारला तर साधारण २९० किलो भार मागून पुढे जातो. मागे ६५० चे उरतात ३६०, पुढे होतात ९४०. म्हणजे ज्या क्षणी जीव वाचवायचा असतो, त्या क्षणी मागची चाकं एकूण पकडीच्या जेमतेम २८ टक्के पकड देऊ शकतात. त्यांच्या आत डिस्क असो, ड्रम असो वा जगातला सर्वात महागडा ब्रेक असो. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे, तेवढाच ब्रेक उपयोगी पडतो. उरलेली ताकद चाक जाम करण्याच्या कामी येते.

आणि मागचं चाक आधी जाम होणं ही साधी गोष्ट नाही. पुढची चाकं आधी घसरली तर गाडी वळत नाही, पण नाकासमोर सरळ जाते. चालकाला पाय थोडा सैल करून ती परत हाताशी घेता येते. मागची आधी घसरली, की मागचा भाग पुढच्या भागाला मागे टाकायला निघतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी आडवी होते. जीपसारखी आखूड आणि उंच गाडी आडवी झाली की उलटायला फारसा वेळ लावत नाही. म्हणून ब्रेकची आखणी करणाऱ्यांचा पहिला नियम असा की काहीही झालं तरी पुढची चाकं आधी जाम व्हावीत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपमध्ये हा नियम उघड्या डोळ्यांनी दिसतो. तिच्या पुढच्या चाकांतल्या व्हील सिलिंडरचा व्यास एक इंच आणि मागच्यांचा पाऊण इंच. क्षेत्रफळाचं प्रमाण सोळास नऊ. म्हणजे ब्रेकच्या जोराची वाटणी पुढे ६४ टक्के आणि मागे ३६ टक्के. संगणक नसलेल्या काळात कुणीतरी कागदावर हिशेब मांडून हा पाव इंचाचा फरक ठरवला. मागे डिस्क बसवताना आपण सर्वात आधी याच हिशेबाला हात घालतो.

हा हिशेब कसा उलटतो ते एका उदाहरणात पाहू. मागच्या ड्रमच्या जागी आपण ४८ मिलिमीटर पिस्टनचा कॅलिपर लावला. त्या पिस्टनचं क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटर. पाऊण इंची सिलिंडरचं तीनपेक्षाही कमी. म्हणजे सहा पटींचा फरक. ड्रमला आपोआप मिळणारा जोर डिस्कला मिळत नाही, म्हणून त्यातली बरीच वाढ विरते. तरीही तेवढ्याच तेलाच्या दाबाला मागचा ब्रेक आधीच्या सुमारे दुप्पट जोराने धरतो. पुढे जुनेच ड्रम ठेवले असतील, तर ६४:३६ ची वाटणी सरकून मागचा वाटा पन्नास टक्क्यांच्या वर जातो. आणि कडक ब्रेकमध्ये मागच्या टायरला पेलवतं २८ टक्के. आकडे गाडीगणिक थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा बदलणार नाही. पुढे ड्रम आणि मागे डिस्क ही जोडणी गाडीला जास्त सुरक्षित करत नाही, तिला आडवी जायला शिकवते. पैसे खर्चून, कष्ट करून, चांगल्या हेतूने विकत घेतलेला हा धोका आहे.

कारखाने काय करतात, हा पुरावाही पाहण्यासारखा आहे. आज आपल्या रस्त्यांवरच्या अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रमच आहेत. यात किमतीचा भाग आहे, हे मान्य. पण जर्मनीच्या फोक्सवॅगनने आयडी ३ या विजेवरच्या आधुनिक गाडीलाही मागे ड्रम दिले, तेव्हा नुसत्या काटकसरीने त्याचा उलगडा होत नाही. मोटरच गाडीला रोखते, मागच्या ब्रेकला काम थोडं, आणि थोडं काम असलेली उघडी डिस्क गंजते. झाकलेला ड्रम टिकतो. काम किती आहे ते पाहून हत्यार निवडायचं, हे त्यामागचं तत्त्व.

यावर पहिला आक्षेप घाटाचा येतो, आणि तो वजनदार आहे. कचकन थांबण्याचा हिशेब वेगळा आणि परतवाड्यापर्यंत हळूहळू उतरण्याचा वेगळा, असं म्हणणारा बरोबरच बोलतो. हलक्या ब्रेकमध्ये वजन फारसं सरकत नाही, मागच्या चाकांना भरपूर पकड असते आणि तिथले ड्रमही तापतातच. पण उष्णता कोणत्या चाकात किती जाईल हे सिलिंडरच्या व्यासांनीच ठरतं. वाटणी ६४:३६ असेल तर घाटातली उष्णताही त्याच प्रमाणात वाटली जाते. आधी दमतात ते पुढचे ड्रम. म्हणजे घाटाचा दाखला नीट वाचला तर तो पुढच्या डिस्कची बाजू घेतो. शिवाय पेडल मऊ पडण्यामागे दर वेळी ड्रमच असतो असं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओल धरलेल्याचा १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. वऱ्हाडातल्या मे महिन्यात सावलीतलाच पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि त्याआधीच्या पावसाळ्यात तेलाने ओल पिऊन ठेवलेली असते. असं तेल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवत नाही. डिस्क लावली तरी हे तेल उकळायचं थांबत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तेल बदलणं आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरणं, हे दोन उपाय डिस्कच्या कोणत्याही किटपेक्षा स्वस्त आहेत आणि आधी करायचे आहेत.

दुसरा आक्षेप चिखलाचा, आणि इथे मी मागच्या डिस्कची बाजू मोकळेपणाने मान्य करतो. वऱ्हाडची काळी माती ओली झाली की चाकाला गोळ्यासारखी चिकटते, आणि मेळघाटातले नाले ओलांडताना पाणी ड्रमच्या आत शिरतं. ड्रम ते धरून ठेवतो. नाल्यातून वर आलेल्या जीपला पहिले काही ब्रेक लागत नाहीत. आत साचलेली बारीक रेती लायनर आणि ड्रम दोन्हींना खरवडते. डिस्क फिरता फिरताच पाणी झटकते, पॅड तिला पुसून काढतात. शेतावर, जंगलात, पाण्यातून रोज जाणाऱ्या जीपला मागे डिस्क बसवण्याचं खरं कारण हे आहे. पण हे कारण रविवारी अंबादेवीच्या दर्शनाला आणि लग्नाच्या वरातीला निघणाऱ्या पद्मिनीला लागू होत नाही. कोणती गाडी, कोणत्या रस्त्यावर, वर्षातले किती दिवस, हे न विचारता दिलेला सल्ला सल्लाच नव्हे.

समजा, विचारपूर्वक निर्णय झाला आणि पुढे डिस्क आधीच बसलेली आहे. तरी मागचं काम बोल्ट काढून बोल्ट लावण्याइतकं सोपं नाही. जुन्या जीपच्या अनेक मागच्या अॅक्सलमध्ये शाफ्टचं टोक निमुळतं असतं. त्यावर हब चावीने अडकवलेला, मोठ्या नटाने आवळलेला आणि पिनने बंद केलेला. चाळीस वर्षांत तो इतका घट्ट बसतो की पुलर लावून, ताण देऊन, वाट पाहावी लागते. हातोड्याने ठोकणारा घाईचा माणूस शाफ्ट आणि बेअरिंग दोन्हींचं नुकसान करतो. हब निघाला की मागे बॅकिंग प्लेट दिसते, आणि तिच्यामागे कागदासारख्या पातळ पोलादी पट्ट्या, शिम. खरी परीक्षा इथे आहे. बेअरिंगला आत-बाहेर किती मोकळीक मिळावी हे या शिम ठरवतात, आणि ती मोकळीक इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. जुनी बॅकिंग प्लेट काढून तिच्या जागी कॅलिपरचं जाड ब्रॅकेट बसवलं की ही सगळी जाडी बदलते. शिम नव्याने मोजून लावल्या नाहीत, तर मोकळीक वाढून चाक डुलतं किंवा संपून बेअरिंग जळतं. डायल गेज लावून शाफ्ट आत-बाहेर हलवून पाहणारा मिस्त्री आणि अंदाजाने आवळणारा मिस्त्री यांच्या कामात बाहेरून काहीही फरक दिसत नाही. तो दिसतो हजार किलोमीटरनंतर. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतलं असेल, तर डिस्क शाफ्टभोवती डगमगत नाही ना आणि कॅलिपर तिच्या बरोबर मध्यावर बसतो ना, हेही तपासायला हवं. नाहीतर एकच पॅड झिजतो आणि पेडल थरथरतं.

तेलाची बाजूही अशीच. कॅलिपरचे पिस्टन मोठे म्हणून त्यांना तेल जास्त लागतं. ड्रमसाठी केलेला मास्टर सिलिंडर एका दाबात ते पुरवू शकेलच असं नाही. मोठा मास्टर सिलिंडर लावला तर तेल पुरतं, पण तेवढ्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो आणि पेडल दगडासारखं लागतं. मग बूस्टर आलाच. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब टिकवून धरणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो उपकारक, कारण शूच्या स्प्रिंगा त्याला पुरून उरतात. डिस्कला परत ओढणारी स्प्रिंग नसते, म्हणून तोच दाब पॅडला कायम टेकवून ठेवतो. डिस्क विनाकारण तापते आणि अॅव्हरेज पडतं. पुन्हा जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर फळीखाली, चासीला लावलेला. तो कॅलिपरच्या खाली पडला तर तेल मागे उतरतं, म्हणून तिथे अगदी हलक्या दाबाचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. मागचा वाटा कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह तर हवाच. एक डिस्क बसवायला निघालेला माणूस असा अख्ख्या ब्रेकच्या रचनेत शिरतो.

हँडब्रेकचा मुद्दा नेहमी शेवटी आठवतो, तो पहिल्यांदा आठवायला हवा. जुन्या सीजे ३बी जीपमध्ये हँडब्रेक चाकांत नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर छोट्या ड्रमच्या रूपात असतो. मागचे ड्रम काढले तरी तो शाबूत राहतो. ज्या गाडीत हँडब्रेकची केबल मागच्या शूला जोडलेली आहे, तिथे ड्रम गेला की हँडब्रेकही गेला. मग हँडब्रेकची सोय असलेला कॅलिपर घ्यावा लागतो, त्याची केबल आणि लिव्हर जुळवावी लागते. हँडब्रेक नसलेली गाडी चढावर दगड लावून उभी करणं हा उपाय नाही, आणि कायद्यालाही तो चालत नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. सर्वात आधी आहे तो ब्रेक मूळ अवस्थेत आणावा: व्हील सिलिंडरची रबरं, गंजलेल्या नळ्या, फुगलेले होज, नवं तेल, लेथवर सारखे करून घेतलेले ड्रम, त्यांना नीट टेकणारे लायनर. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. ड्रम नकोच म्हणणाऱ्या अनेकांनी नीट जुळवलेले ड्रम कधी अनुभवलेलेच नसतात. दुसरी पायरी दुहेरी मास्टर सिलिंडरची. जुन्या गाड्यांत एकच तेलमार्ग असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी मार्गात किमान दोन चाकं शिल्लक राहतात. थोडक्या खर्चात एवढी मोठी सुरक्षा दुसरा कोणताही बदल देत नाही, आणि तो बाहेरून दिसत नाही म्हणून मागे पडतो, याचं वाईट वाटतं. तिसरी पायरी पुढच्या डिस्कची. चौथी, गरज उरलीच तर, मागच्या डिस्कची.

तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो: जुनी गाडी जशी होती तशीच ठेवावी, बदल म्हणजे वारशाची हानी. या भूमिकेत निष्ठा आहे. पण वऱ्हाडाने स्वतःच याचा एक धडा पाहिला आहे. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. म्हणून ती शकुंतला राहिली नाही असं कुणी म्हटलं नाही. गाडी धावत होती तोवर ती लोकांची होती, आणि ती थांबल्याचं दुःख आजही आहे. चालत्या वारशाला सुरक्षित चालण्याचा हक्क आहे. अट एवढीच की बदल परत फिरवता यावा. अॅक्सलचं हाऊसिंग कापू नये, मूळ भोकं मोठी करू नयेत, काढलेले ड्रम, प्लेटा आणि शिम तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवाव्यात. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अपेक्षा आहे. सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. ज्याला त्या नोंदणीकडे जायचं आहे, त्याने मागच्या अॅक्सलला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

कायद्याचं आणखी एक अंग आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारावर मर्यादा घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. ब्रेक सुधारला तर कोण अडवणार, असं म्हणणं सोपं आहे. पण अपघातानंतर विमा कंपनी आणि न्यायालय हेतू विचारत नाहीत, कागद विचारतात. पंधरा वर्षं उलटलेली गाडी पुन्हा नोंदणीसाठी न्यावीच लागते. बदलापूर्वी आरटीओ कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावं, कोणते भाग लावले, कुणी लावले, काय मोजलं, याची फाईल ठेवावी. हा त्रास गाडीपुरता नाही. समोरच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्या, सायकलवर शाळेत निघालेल्या अनोळखी माणसाशी आपण केलेला तो करार आहे.

काम झाल्यावर खरं-खोटं ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. लागते ती माणसं नसलेली, सपाट, मोकळी खासगी जागा. बाहेर उभा राहून चाकांकडे पाहणारा एक जाणकार. आणि ताशी वीस-तीसचा वेग. आधी कोरड्या जमिनीवर, मग पाणी मारून. आधी रिकामी गाडी, मग माणसं बसवून. रिकाम्या गाडीत मागचं वजन सर्वात कमी असतं, म्हणून निकाल तिथेच लागतो. ब्रेक हळूहळू वाढवत न्यायचा आणि पाहायचं की कोणती चाकं आधी घसरतात. प्रत्येक वेळी पुढचीच घसरली, मागची फिरत राहिली, गाडी सरळ रेषेत थांबली, तर काम उत्तम झालं. एकदा जरी मागच्या चाकांच्या रेघा आधी उमटल्या, तर व्हॉल्व्ह फिरवून मागचा दाब कमी करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तरीही जमलं नाही, तर जपून ठेवलेले ड्रम परत चढवायचे. त्यात कसलाही कमीपणा नाही. ज्या अनाम माणसाने पुढे एक इंच आणि मागे पाऊण इंच असा सिलिंडर ठरवला, त्याने हेच पाहिलं होतं. त्याच्या कामावर काम करायचं असेल, तर चिखलदऱ्याचा घाट उतरण्यापूर्वी आपणही ते पाहून घ्यायला हवं.